गौरींच्या आरतीचे फोटो: फ्लॅश कुठल्या सेटिंगवर ठेवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,
आमच्याकडे उभ्या गौरी असतात. पितळी मुखवटे, जरीच्या साड्या, दोन्ही बाजूंना समया. आरतीचे फोटो काढायचं काम माझ्याकडे. कॅमेरा निकॉन डी५६००, लेन्स सोबत आलेली १८-५५.

ऑटोवर ठेवला की फ्लॅश आपोआप उघडतो आणि मुखवट्यावर पांढरा डाग पडतो. नथ, नाकाजवळचं कोरीवकाम सगळं त्यात जातं. समई लावलीय की नाही तेही कळत नाही, मागची आरास काळीकुट्ट. फ्लॅश बंद केला तर उजेड सुरेख येतो, पण झांजा वाजवणारी मुलं पुसट. मेनूत रेड-आय, स्लो सिंक, रिअर कर्टन असं बरंच आहे. यातलं नेमकं काय निवडू? आजी आता फार थकली आहे, यंदाचे फोटो चांगले यावेत असं मनापासून वाटतं.

प्रतिसाद:
स्लो सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत शटर जास्त वेळ उघडं ठेवणं. डायल ऑटोवरून 'पी'वर (प्रोग्रॅम मोड) आणा, मग तो पर्याय मिळेल. साध्या फ्लॅशला 'पी'मध्ये शटर १/६० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं राहत नाही, म्हणून समईचा उजेड फोटोत येतच नाही. स्लो सिंकमध्ये तो यायला वेळ मिळतो. मात्र शटर फारच लांबलं तर हलते हात पुसट दिसतील; तसं झालं तर 'एस'वर (इथे शटरचा वेळ आपण ठरवतो) जाऊन १/३० ठेवा.

आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) ८०० करा. या फ्लॅशचा गाइड नंबर (ताकदीचा आकडा) आयएसओ १०० ला साधारण १२; त्याला लेन्सच्या छिद्राच्या एफ-आकड्याने भागलं की फ्लॅशचा पल्ला मिळतो, म्हणजे एफ/५.६ ला जेमतेम दोन मीटर. ८०० ला तोच सहा मीटरपर्यंत पोचतो. मुखवट्यांसाठी फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशचा जोर कमी-जास्त करणं) -१ करा आणि थोडं तिरकं उभं राहा.

रेड-आय (डोळे लाल दिसू नयेत म्हणूनचा पर्याय) नको. आधी दिवा लागतो, मग फोटो निघतो. तेवढ्यात मुलं हलतात. रिअर कर्टन (शटर मिटायच्या आधी शेवटी फ्लॅश पडतो) ओवाळतानाच्या फोटोला वापरून बघा, निरांजनाची उजेडाची रेघ हाताच्या मागे येते. फारच छान दिसतं!

धागाकर्ती:
खूप आभार! एक शंका: आजी पुढे खुर्चीवर, बाकीचे मागे. तिचाच चेहरा पांढराफटक होतो.

प्रतिसाद:
अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई होतो, म्हणून मागच्यांना पुरेल इतका उजेड जवळच्या आजींना जास्त होतो. मागच्यांना खुर्चीला अगदी खेटून उभं करा आणि तुम्ही दोन पावलं मागे सरका. खोलीतले दिवे मालवू नका.