सल्ला हवा: शेताच्या राखणीसाठी .३१५ बोअरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घ्यावी का?

मोहोळचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात आमची ऊस आणि मक्याची शेती असून आम्ही वस्तीवर राहतो. गेली काही वर्षे रानडुकरांचा उपद्रव इतका वाढला आहे की मका कणसात आला की रात्री कोणीतरी जागेच राहावे लागते. वडिलांच्या नावावर १२ बोअरची एकनळी बंदूक आहे. त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली असून आता त्यांच्याने रात्रीची राखण होत नाही. मी स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करण्याच्या विचारात आहे, आणि ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात बनलेली .३१५ बोअरची बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीनंतर खिट्टी, म्हणजे बोल्ट, हाताने मागे-पुढे करावी लागणारी) रायफल घ्यावी असे मनात आहे, कारण भारतात मिळणाऱ्या मोठ्या बोअरच्या रायफलींमध्ये तीच त्यातल्या त्यात परवडणारी आहे असे ऐकले. अक्कलकोटकडचे एक परिचित आपली जुनी .३१५ विकायलाही तयार आहेत. शिकारीची मला हौस नाही आणि तिच्यावर बंदी आहे हेही ठाऊक आहे. ज्यांनी ही रायफल प्रत्यक्ष वापरली आहे त्यांनी तिचे गुणदोष मोकळेपणाने सांगावेत, ही विनंती.

जुळे_सोलापूर

नमस्कार. ही रायफल मी बरीच वर्षे हाताळली आहे, म्हणून आधी यंत्राविषयी लिहितो. ती शेतासाठी योग्य की नाही हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे शेवटी येतो.

.३१५ चा सांगाडा मुळात जुन्या ली-एनफील्ड रायफलीचा आहे, आणि ईशापूरच्या कारखान्याचा त्या बनावटीवर फार जुना हात बसलेला आहे. .३०३ हा लष्करी बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्यामुळे त्याच धाटणीची रायफल ८ मिलिमीटरच्या, म्हणजे मूळ ऑस्ट्रियन मॅनलिकर काडतुसासाठी बनवली गेली आणि आपल्याकडे ती तीनशे पंधरा या नावाने रूढ झाली. या बनावटीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे बोल्टची चाल. मूठ थोडी वर उचलावी लागते, बोल्ट मागे फार ओढावा लागत नाही, आणि स्प्रिंग ताणण्याचे काम बोल्ट पुढे ढकलताना होत असल्यामुळे रिकामे काडतूस काढताना हाताला जोर लागत नाही. नळीत धूळ गेली, तेल सुकले, तरी ती सहसा अडत नाही, आणि आपल्या भागातल्या उन्हाळ्यातल्या धुळीचा विचार करता हा गुण कागदावर वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. मॅगझिनमध्ये पाच काडतुसे बसतात. काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची मिळतात, त्यामुळे परदेशी मालाच्या मागे धावावे लागत नाही. परदेशी रायफलींची सर्वसाधारण आयात ऐंशीच्या दशकापासून बंद असल्याने जुन्या इंग्लिश किंवा जर्मन रायफलींच्या किमती हौशी लोकांनी कुठल्या कुठे नेऊन ठेवल्या आहेत. त्या मानाने ही खरोखरच परवडते.

आता दोष. पहिला दोष चापाचा. थोडी ढिली चाल संपल्यावर चाप जड लागतो आणि सुटतो तेव्हा नेम हलतो. यावर सराव हाच उपाय आहे, परंतु सरावाला काडतुसे लागतात आणि ती परवान्यावर मोजून मिळतात. दुसरा दोष कारागिरीतील असमानतेचा: एका रायफलीचा दस्ता अंगासरशी बसलेला असतो, तर दुसरीच्या लाकडात आणि पोलादात नख जाईल एवढी फट असते, म्हणून नवी घेतानाही दुकानात दोन-तीन नग पाहूनच निवड करावी. तिसरा दोष असा की मी पाहिलेल्या एकाही नगावर दुर्बीण बसवण्याची तयार सोय नव्हती, आणि गावातल्या कारागिराकडून भोके पाडून घेणे हा रायफलीवर अन्याय आहे. चौथी बाब काडतुसाची. त्याच्या बुडाला कडा असते, त्यामुळे मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे राहील याची काळजी घ्यावी लागते. घाईत उलटे भरले तर ऐन वेळी काडतूस अडकते. गोळी जड आणि जुन्या पद्धतीची आहे. शंभर मीटरच्या आत तिच्या ताकदीविषयी शंका नाही, मात्र त्यापुढे ती लवकर खाली येते आणि नुसत्या साइटवर अंदाज चुकतो.

यंत्र म्हणून माझे मत अनुकूल आहे. शेतासाठी मात्र मी ती घेणार नाही, आणि त्याचे कारण सोलापूरचा भूगोल आहे. आपल्याकडे डोंगर नाही, दरी नाही. नेम चुकलेली रायफलची गोळी अडवायला मागे काहीच नसते. ती दोन किलोमीटरहून अधिक जाऊ शकते आणि तेवढ्या अंतरात आपल्या तालुक्यांत एखादी वस्ती, ऊसतोडीची पालं किंवा रात्री पाणी धरायला गेलेला माणूस नक्की असतो. १२ बोअरचे जाड छर्रे तीस-चाळीस मीटरनंतर नेमाचे राहत नाहीत आणि रायफलच्या गोळीइतके लांबही जात नाहीत, आणि राखणीच्या कामात तोच त्यांचा गुण आहे.

सात_रस्ता

वरील विवेचनाला कायद्याची बाजू जोडतो, कारण प्रश्नकर्त्यांचा निर्णय बहुधा तिथेच ठरेल.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी प्रथम ठासणीची बंदूक गृहीत धरली आहे. ती पुरेशी नाही असे परवाना प्राधिकाऱ्याचे समाधान झाले तर गुळगुळीत नळीची अन्य बंदूक देता येते. रायफलीच्या नळीत चर असतात, त्यामुळे ती या तरतुदीत बसत नाही. तिच्यासाठी ‘सबळ कारण’ स्वतंत्रपणे दाखवावे लागते आणि नुसते ‘रानडुकरांचा त्रास’ एवढे कारण लिहिलेला अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता मोठी आहे. आपली शेती ग्रामीण हद्दीत असल्याने अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाईल. सोलापूर शहरात राहणाऱ्यांसाठी ते काम पोलीस आयुक्तांकडे असते.

आपल्या घरात आधीच एक बंदूक आहे हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शस्त्र नियम, २०१६ नुसार परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील, किंवा ते शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर त्याच्या हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आपल्यालाही द्यावे लागेल, परंतु हा मार्ग नव्या रायफलीच्या अर्जापेक्षा पुष्कळ सरळ आहे. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. म्हणजे वारशाने आलेली बंदूक आपल्या खात्यातील एक जागा घेईल, याचाही हिशेब ठेवावा.

आणखी एक मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिघात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे आणि मोहोळ तालुक्यातील काही भाग त्याच्या जवळ येतो. आपले गाव या अंतरात येते का, हे अर्ज करण्यापूर्वी वन विभागाकडून लेखी विचारून घ्यावे.

बार्शीकर

जुळे सोलापूरकरांशी मी यंत्राबाबत सहमत आहे, निष्कर्षाबाबत नाही. माझ्याकडे .३१५ आहे आणि ती पिकासाठी नव्हे, तर गावापासून लांब एकट्या वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाच्या स्वसंरक्षणाच्या कारणावर मिळाली आहे. माझा अनुभव असा की रायफलची गोळी लांब जाते हा दोष रायफलीचा नसून ती कुठे रोखली जाते याचा आहे. जमिनीपासून आठ-दहा फूट उंच माचाणावर बसून खाली, ओल्या रानाच्या दिशेने नेम धरला तर गोळी मातीत जाते. सपाट उभे राहून झाडणाऱ्याच्या हातात मीही रायफल देणार नाही. उलट छर्ऱ्याने डुक्कर जखमी होऊन उसात शिरले, तर सकाळी तोडणीच्या बाईमाणसांना त्याचा जो धोका होतो त्याचा कोणी विचार करत नाही. हाच आक्षेप .२२ बोअरला दुपटीने लागू आहे. ती कागदावर नेम धरण्याची रायफल आहे, कोणी कितीही स्वस्त म्हणून सुचवली तरी डुकरासाठी तिचा विचारही करू नये.

.३०-०६ बोअरची रायफलही ईशापूरने बनवली आहे आणि तिची गोळी अधिक सरळ जाते, परंतु आपल्या अंतरांना त्याचा उपयोग नाही; वर खर्च मात्र वाढतो.

एक व्यावहारिक गैरसोय मात्र मान्य करतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून शस्त्र जमा करण्याची सूचना येऊ शकते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा असे धरले तर अधूनमधून महत्त्वाच्या हंगामात शस्त्र ठाण्यात आणि डुकरे रानात, अशी स्थिती होते. ही अडचण बंदूक असो वा रायफल, दोघींनाही सारखीच आहे.

माळरान

मी पक्षी आणि प्राणी पाहणारा माणूस आहे, बंदुकीतले मला कळत नाही. पण धाग्यात एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारण्याची मुभा मिळाली, असा अनेकांचा समज आहे. वन्यजीव अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहे. उभ्या पिकाला धोका झाला असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, आणि त्या परवानगीशिवाय झाडलेली गोळी हा गुन्हाच आहे. परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ता ठरते, त्यामुळे ते परस्पर वाटून खाता येत नाही.

काळवीटाची गोष्ट त्याहून कडक आहे. ते पहिल्या अनुसूचीत आहे, पिकाच्या नुकसानीच्या कारणावरून त्याला मारण्याची परवानगी मिळतच नाही, आणि शिकारीची शिक्षा किमान तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत आहे. आपल्या ज्वारीच्या रानात रात्री टॉर्चच्या उजेडात चमकणारे डोळे डुकराचेच आहेत हे सांगण्याइतकी खात्री किती जणांना असते?

पिकाच्या नुकसानीची भरपाई वन विभागाकडून मिळते. पंचनामा वेळेत होण्यासाठी अर्ज तातडीने द्यावा आणि नुकसानीचे फोटो काढून ठेवावेत. मका आणि उसाच्या कडेने सौर झटका मशीनचे कुंपण, तारेखालचे गवत नियमित काढून, चालू ठेवणाऱ्यांना माझ्या पाहण्यात चांगला गुण आला आहे. खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच असावी, कारण डुक्कर उडी मारण्याऐवजी नाक खुपसून खालून शिरते. मेन लाइनची वीज थेट तारेत सोडण्याचा विचारही करू नये. त्याने माणसे मरतात.

मोहोळचा_शेतकरी

सर्वांचे आभार. सात रस्ता यांनी सांगितलेली वारसाची तरतूद मला माहीत नव्हती. वडिलांच्या नावावर ती बंदूक माझ्या जन्माच्या आधीपासून आहे, म्हणजे दोन्ही अटींत आम्ही बसतो. तो अर्ज आधी करतो, आणि गावाचे अभयारण्यापासूनचे अंतरही लेखी विचारतो. बार्शीकर काका, आपला माचाणाचा मुद्दा पटला, परंतु आमच्या रानाच्या दोन्ही बाजूंना लगत वस्त्या आहेत. तरीही अक्कलकोटकडच्या रायफलीचा विषय मनातून गेलेला नाही. पुढेमागे स्वसंरक्षणाच्या कारणावर परवाना मिळालाच, तर जुनी .३१५ घेताना नेमके काय तपासावे?

जुळे_सोलापूर

परवाना हातात येईपर्यंत त्या गृहस्थांना एक रुपयाही आगाऊ देऊ नये. हस्तांतर परवाना प्राधिकाऱ्याच्या परवानगीनेच होते, ‘तोवर तुमच्याकडे ठेवा’ हा प्रकार दोघांनाही तुरुंगात नेऊ शकतो.

रायफल पाहताना प्रथम बोल्टवरचा क्रमांक आणि बॉडीवरचा क्रमांक एकच आहे का, आणि तो परवान्यावरील नोंदीशी जुळतो का, हे पाहावे. बोल्ट बदललेला असेल तर काडतुसाच्या बुडाशी राहणारी जागा कमी-जास्त झालेली असू शकते, आणि ती तपासण्याचे मापक साधन परवानाधारक शस्त्र-दुरुस्तीवाल्याकडेच असते. मग रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, बोल्ट काढून, नळी उजेडाकडे धरून पाहावी: चर धारदार आणि चकचकीत दिसले पाहिजेत. काळे डाग चिंधी आणि तेलाने गेले तर ठीक, खड्डे असतील तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नये. आपली हवा कोरडी असल्याने कोकणातल्या शस्त्रांइतका गंज इथे लागत नाही, त्यामुळे सोलापूरच्या रायफलीत खड्डे दिसले तर ती वर्षानुवर्षे न पुसता ठेवली असे समजावे. नळीचे तोंड ठोकरलेले नसावे, कारण नेम तिथेच बिघडतो. दस्त्याच्या मुठीत धरायच्या निमुळत्या भागाला, बोल्टच्या मागे, बारीक चीर आहे का हे नखाने चाचपावे. शेवटी सेफ्टीची डावीकडची कळ लावून चाप ओढून पाहावा, मग बोल्ट जोरात आपटून बंद करावा. यांपैकी कशानेही स्प्रिंग आपोआप सुटली तर ती रायफल तिथेच ठेवून परत यावे.

बार्शीकरांना एक विचारायचे आहे. आपल्या रायफलीचा चाप कोणाकडून हलका करून घेतला आहे का, की कारखान्यातून आला तसाच आहे?

बार्शीकर

आला तसाच आहे. हलका करून देणारे भेटतात, पण चापाचे टोक घासून हलका केलेला चाप धक्क्याने सुटू शकतो, म्हणून मी नको म्हटले. रिकाम्या काडतुसावर रोज थोडा वेळ सराव केला की बोट सरावते.