पुढच्या साथीत लस आधी कुणाला: वय बघून की काम बघून?

बोरीबाभळ
२०२१ मधला आपल्याकडचा कोविड लसीचा क्रम आठवा. १६ जानेवारीपासून आरोग्य कर्मचारी, फेब्रुवारीत पोलीस, पालिका आणि महसूल खात्यातले लोक. १ मार्चपासून साठीपुढचे आणि ४५ ते ५९ मधले ठरावीक आजार असलेले. १ एप्रिलपासून सरसकट ४५ च्या पुढचे, १ मेपासून १८ च्या पुढचे. म्हणजे सुरुवात कामावरून झाली आणि फेब्रुवारीनंतर कामाचा विचारच सुटला.

मला हे पटत नाही. मार्केट यार्डातला ३८ वर्षांचा हमाल घ्या. पहाटे तीनला गाळ्यावर हजर, चार राज्यांतून आलेल्या ट्रकमधला माल उतरवायचा, खांद्याला खांदा लावून पोती वाहायची. पाठीवर पन्नास किलो असताना मास्क नाकावर राहत नाही, हे ज्याने ते काम बघितलंय त्याला सांगावं लागत नाही. संध्याकाळी तो ज्या एका खोलीत परत जातो तिथे त्याची म्हातारी आई असते. घरकाम करणाऱ्या बायका, किराणा दुकानातली पोरं, रिक्षावाले, सगळ्यांची हीच गत. लॉकडाऊनमध्ये यांच्या जिवावर आपण घरात बसलो आणि लसीच्या वेळी त्यांना सांगितलं, तुमचं वय बसत नाही.

अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने डिसेंबर २०२० मध्ये पंचाहत्तरीपुढचे लोक आणि शिक्षक, बसचालक, किराणा दुकानांतले, शेतीतले कामगार यांना एकाच गटात ठेवलं होतं. आपल्यालाही ते जमलं असतं.

आकडेमोड
ठाम असहमत. मार्च २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं होतं की, देशातल्या कोविड मृत्यूंपैकी ८८ टक्के ४५ च्या वरचे आहेत. लस अपुरी असताना एका डोसमागे सर्वात जास्त जीव कुठे वाचतात, एवढाच प्रश्न असतो. उत्तर वय हेच आहे.

दुसरं, कामाचा दाखला देणार कोण? आरोग्य आणि आघाडीवरच्या (पोलीस, पालिका वगैरे) कर्मचाऱ्यांच्या यादीत भलतेच लोक नावं घालू लागले, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला केंद्राला त्या गटांची नवी नोंदणी बंद करावी लागली. सरकारी नोकरांच्या यादीत ही घुसखोरी, तर घरकामाच्या यादीत काय होईल? वय आधार कार्डावर छापलेलं असतं. तिथे वशिला चालत नाही.

बोरीबाभळ
@आकडेमोड, हमालांची नोंद माथाडी मंडळाकडे असते, बांधकाम मजुरांचं वेगळं मंडळ आहे, रिक्षावाल्याकडे बॅज असतो. या याद्या साथीआधीपासून आहेत. घरकामवाल्या बायकांचा प्रश्न अवघड आहे, मान्य. पण एका गटाची यादी नाही म्हणून ज्यांची आहे त्यांनाही मागे का ठेवायचं?

पाऊलवाट
तुम्ही दोघेही क्रमावर भांडताय. मी त्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस टोचत होते, म्हणून लिहिते.

कोविशील्डची एक कुपी दहा जणांची. उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. दुपारी चारला नवीन कुपी फोडली आणि चारच म्हातारी माणसं आली, तर उरलेल्या सहा डोसांचं काय करायचं? वरून आदेश असतो की वाया घालवू नका आणि अपात्र माणसाला देऊही नका. मग आशाताई वस्तीवर पळायची, कुणाची सासू, कुणाचा चुलता, मिळेल त्याला गाडीवर बसवून आणायची. यादीतला माणूस केंद्रापर्यंत आणायला कुणी नसेल तर यादी कितीही न्याय्य असो, तिचा उपयोग नाही.

आणि १ मेनंतर तर वयही राहिलं नाही, कामही नाही. १८ ते ४४ ला फक्त ऑनलाइन नोंदणी. स्लॉट उघडला की मिनिटभरात भरायचा. आमच्या केंद्रावर शहरातून गाड्या भरून पोरं यायची. गावातली पोरं फाटकाबाहेर उभी राहून विचारायची, "सिस्टर, आमच्या दवाखान्यात आमचाच नंबर का नाही?" ज्याचा फोन चांगला आणि रेंज चांगली त्याला लस, हा क्रम कुठल्या तज्ज्ञाने ठरवला होता? ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला नेमकं यावरच विचारलं.

नदीकाठ
सिस्टरशी पूर्ण सहमत. माझे वडील तेव्हा ८१ वर्षांचे, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. वयाच्या क्रमात सगळ्यात वर. प्रत्यक्षात लस मिळाली घरातल्या सगळ्यांच्या नंतर, कारण खुर्चीत बसवून, जिन्यावरून उतरवून नेणं शक्य नव्हतं. घरी येऊन लस द्यायला केंद्र तयार नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे मुंबईत ऑगस्ट उजाडता उजाडता घरोघरी सुरुवात झाली. आकडेमोड, तुमच्या ८८ टक्क्यांत अशी माणसं किती असतील?

आकडेमोड
@नदीकाठ, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण यातून वयाचा निकष चुकीचा ठरत नाही, तो अर्धवट राबवला गेला हे ठरतं.

पाऊलवाट
घरी न जाण्याची जी कारणं दिली होती त्यात तथ्य होतं, हेही सांगते. टोचल्यावर अर्धा तास थांबायचं, रिॲक्शन आली तर सोय हवी, आणि एका घरासाठी दहाची कुपी फोडायची. पण वाड्या जोडून फेरी आखली की हे सुटतं. पल्स पोलिओला आम्ही दारोदार फिरतोच ना? ते थेंब असतात, ही सुई आहे, तरी घरांच्या याद्या आणि रस्ते तेच आहेत.

उंबरझरा
वेगळं मत मांडतो. तरुणांना आधी द्या, साथ पसरवतात तेच. इंडोनेशियाने जानेवारी २०२१ मध्ये १८ ते ५९ च्या लोकांपासूनच सुरुवात केली.

आकडेमोड
तिथे एक कारण असंही होतं की त्यांनी घेतलेल्या चिनी लसीची तिथली चाचणी याच वयोगटावर झाली होती. शिवाय लस घेतलेला माणूस संसर्ग किती पसरवतो हे तेव्हा नीट माहीत नव्हतं. चाचण्यांत मोजलं होतं ते लक्षणं असलेलं आजारपण. जे माहीत नाही त्याच्या भरवशावर आजी-आजोबांना थांबवणं मला जमणार नाही.

बोरीबाभळ
सिस्टरचं वाचून एक ठोस सुचवतो. दर सत्रातला ठरावीक वाटा कामाच्या यादीसाठी राखावा आणि ते सत्र कामाच्या जागीच घ्यावं. मार्केट यार्डात पहाटेची पाळी संपल्यावर टेबल मांडलं तर दहाची कुपी दहा मिनिटांत संपेल. एकही डोस वाया नाही.

आकडेमोड
वाटा कुणाच्या ताटातून काढणार ते सांगा. मे २०२१ मध्ये राज्यावर हीच वेळ आली होती. साठा संपत आला, तेव्हा १८ ते ४४ चं लसीकरण थांबवून त्यांच्या कुप्या ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसला वळवल्या. तुमचा हमाल पहिल्या डोससाठी उभा आहे, सत्तरीच्या बाई दुसऱ्यासाठी. डोस एकच आहे. मी बाईंना देईन.

बोरीबाभळ
मी हमालाला. बाईंना एका डोसचं थोडं तरी संरक्षण आहे. त्याच आठवड्यात केंद्राने दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं, म्हणजे त्यांना थांबता आलं असतं.

आकडेमोड
ते अंतर कोविशील्डचं. वळवल्या त्या कोव्हॅक्सिनच्या कुप्या, आणि तिचं अंतर चार ते सहा आठवडेच होतं. बाईंना थांबायला वेळ नव्हता.

बोरीबाभळ
मग कोव्हॅक्सिनपुरतं बाईंना आधी. कोविशील्डच्या कुपीवरचा हमालाचा हक्क मात्र मी सोडत नाही.