बोटॉक्स, डिस्पोर्ट की झिओमिन? युनिटच्या भावावर ठरवू नका

सदाफुली:
धाकट्या बहिणीला भुवयांमधल्या उभ्या आठ्या घालवायच्या आहेत. बोटॉक्स, डिस्पोर्ट, झिओमिन ही त्यासाठीची वेगवेगळ्या कंपन्यांची इंजेक्शनं. एका क्लिनिकात तिला सांगितलं, "डिस्पोर्टचं युनिट बोटॉक्सपेक्षा खूप स्वस्त, तेच घ्या." ती खूश, मी नाही. याच आठ्यांसाठी अमेरिकेतली मान्य मात्रा बोटॉक्स आणि झिओमिनची 20 युनिट, तर डिस्पोर्टची 50. प्रत्येक कंपनीचं युनिट तिच्या स्वतःच्या चाचणीवर मोजलेलं असतं, एकाच्या जागी दुसरं धरता येत नाही. भाव विचारायचाच तर "सगळ्या आठ्यांचे मिळून किती?" असा विचारावा. माझं मत विचाराल तर तिन्हींत फरक थोडा, सुई धरणाऱ्या हाताचा फरक मोठा.

गवतीचहा:
"फरक थोडा" हे अजिबात पटलं नाही. डिस्पोर्टमध्ये गायीच्या दुधातल्या प्रथिनाचा अंश असू शकतो. ज्यांना त्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ते घ्यायचंच नाही. झिओमिनमधून मूळ औषधाला चिकटलेली जादाची प्रथिनं काढलेली असतात. शिवाय 2022 मध्ये अमेरिकेत डॅक्सिफाय या अशाच आणखी एका इंजेक्शनला मान्यता मिळाली. बोटॉक्स तीन-चार महिन्यांत उतरतं, याचा परिणाम चाचण्यांत अनेकांना जवळपास सहा महिने टिकला. वर्षाला एखादी खेप कमी होते, हा फरक थोडा कसा?

जुनीजाणती:
तुम्ही दोघी ब्रँडवर भांडताय, मी मुळावरच बोलते. सगळ्यांत आहे तेच बोट्युलिनम जंतूचं विष. आठ्या हा काही आजार नाही. आमची आई रागावली की एक शब्द बोलायची नाही, कपाळ बघूनच आम्ही अभ्यासाला बसायचो. ते कपाळ गुळगुळीत केलेलं मला बघवलं नसतं.

गवतीचहा:
ताई, आईंबद्दल लिहिलंत ते मनाला भिडलं. पण विष म्हणून सगळंच मोडीत काढू नका. 1989 मध्ये अमेरिकेत याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ त्याच विकारावर ही इंजेक्शनं देत होत्या. तिथे एका बाईंच्या आठ्या गेलेल्या दिसल्या आणि त्यांनी पती अ‍ॅलिस्टर या त्वचारोगतज्ज्ञांसोबत त्यावर काम सुरू केलं. नस स्नायूला आकुंचन पावायला सांगते तो निरोप हे औषध काही काळ अडवतं, बस.

माजघर:
"बस" म्हणू नका हो. माझी डावी पापणी खाली आली होती. पाच आठवडे. घरात भाचीचं लग्न होतं, प्रत्येक फोटोत माझा एक डोळा अर्धा मिटलेला. औषध नामांकित होतं, टोचणारी व्यक्ती शिकाऊ होती, हे मला नंतर कळलं. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर, म्हणजे त्वचेखाली भराव घालणारं इंजेक्शन, चुकलं तर हायल्युरॉनिडेझ हे त्यावरचं औषध टोचून विरघळवता येतं. हे टोचलं की उतरेपर्यंत वाट बघायची. म्हणून पहिल्याच वेळी सहा महिने टिकणारं घ्यायला माझा ठाम विरोध आहे.

गवतीचहा:
हे मान्य. पहिल्या खेपेला लवकर उतरणारंच बरं. पण "तिन्ही सारखीच" म्हणायला मी अजून तयार नाही.

जुनीजाणती:
आणि गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असणाऱ्या? त्यांना आधी कोणी विचारतं का? गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो, हा इशारा अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापावा लागतो. पार्लरमध्ये टोचून घेणाऱ्या किती जणींनी ती चौकट वाचली असेल?

सदाफुली:
गवतीचहा, तुमचं वाचून आईला फोन केला. बहीण लहानपणी दूध प्यायली की तिच्या अंगावर गांधी उठायच्या, चहासुद्धा कोरा प्यायची. मी साफ विसरले होते. "फरक थोडा" हे माझं वाक्य मी मागे घेते. आज तिला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे चालले आहे. त्या क्लिनिकानं डिस्पोर्ट सुचवताना दुधाबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता.