अधिकारी का व्हायचंय? ‘देशसेवा’ एवढं उत्तर पुरेसं आहे का?

घाटमाथा
साताऱ्याकडे एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या सराव मुलाखती घेतो. ‘आर्मीत का जायचंय?’ विचारलं की जवळपास सगळ्यांचं तेच: देशसेवा, वर्दीचं आकर्षण, साहसी जीवन. क्लासमध्ये पाठ करून घेतलेलं. परवा एक मुलगा मात्र म्हणाला, “वडील हवालदार म्हणून पेन्शन आले. ते ज्यांना सॅल्यूट ठोकायचे, त्या साहेबांच्या खुर्चीत मला बसायचंय.” बाकीची पोरं हसली. मला त्या दिवसातलं सगळ्यात खरं उत्तर तेच वाटलं. आपल्या जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या जवान गेले. एकट्या अपशिंग्याचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. पण राज्यातून अधिकारी कमीच, म्हणून तर सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेणारी एसपीआय ही संस्था काढली. हवालदाराच्या पोराला साहेब व्हावंसं वाटलं, तर त्यात वावगं काय?

जुना गनर
वावगं आहे. मी तोफखान्यात नोकरी केली आहे. ‘खुर्ची’ हा शब्द ऐकून मी तरी त्याला तिथेच थांबवला असता. देहरादूनच्या लष्करी अकादमीत १९३२ पासून तेव्हाचे सरसेनापती चेटवुड यांचे शब्द शिकवतात: आधी देशाची सुरक्षा, मान आणि हित, मग तुमच्या हाताखालची माणसं, आणि तुमची स्वतःची सोय सगळ्यात शेवटी, कायम. हे भिंतीवरच राहत नाही. लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भोजनगृहात, त्यांची ताटं वाढून झाली का ते बघितल्याशिवाय चांगला अधिकारी जेवायला बसत नाही. पुढच्या चौकीवर कसली खुर्ची? सॅल्यूट घ्यायला आलेला मुलगा पहिल्याच हिवाळ्यात कंटाळतो आणि त्याची किंमत त्याची पलटण मोजते.

घाटमाथा
गनरसाहेब, शब्द खुर्चीचा असेल, पण त्यामागचं घर बघा. रजा नामंजूर झाली की आईचा चेहरा कसा होतो, हे त्या मुलानं पाहिलंय. उद्या रजेचा अर्ज त्याच्यापुढे आला तर तो कागद म्हणून वाचणार नाही. आणि पाठ केलेली देशभक्ती एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीत, टिकत नाही. ती पाच दिवस चालते. शब्दांच्या चाचणीत एका शब्दाला पंधरा सेकंद, असे साठ शब्द. त्या घाईत जे पोटात असतं तेच कागदावर उतरतं.

कोल्हापूरची आई
तुम्ही दोघं पैशाबद्दल बोलतच नाही! इंजिनिअरिंगची फी आमच्या आवाक्याबाहेर आहे. एनडीएत तीन वर्षं शिक्षण, राहणं, खाणं सरकारी खर्चाने. पुढे देहरादूनला दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन. माझ्या मुलानं हे बघून फॉर्म भरला. डॉक्टरला कोणी विचारतं का, पगारासाठी झालास की सेवेसाठी? फौजेतल्या मुलानेच उपाशीपोटी देशप्रेम सिद्ध का करायचं?

नाशिककर
ताई, राग मानू नका, पण हिशोबच करायचा तर पुरा करा. प्रशिक्षणात जखमी होऊन अपंगत्व आलं, तर मुलगा ‘बोर्ड आउट’ होतो, म्हणजे वैद्यकीय कारणाने घरी पाठवला जातो. कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळालेलं नसतं, म्हणून माजी सैनिकाचा दर्जा नाही, अधिकाऱ्यासारखं पेन्शन नाही, महिन्याला सानुग्रह रक्कम तेवढी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून याची दखल घेतली, तेव्हा कुठे लोकांना कळलं. नुसत्या पगारासाठी हा सौदा परवडत नाही. बँकेची परीक्षा द्यावी, बरी. इथे पगाराच्या पलीकडचं काहीतरी लागतंच.

कोल्हापूरची आई
मग त्या मुलांना हक्काचं पेन्शन द्या म्हणा ना! धोका आहे म्हणून पगाराचा विचार करणंच गैर, हे मला पटत नाही.

अकरावी सायन्स
मी मुलगी आहे. आमच्याकडे कारण जरा जास्तच खोदून विचारतात. ‘लग्नानंतर काय?’ हा प्रश्न माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला कोणी विचारलेला नाही. २०२१ मध्ये न्यायालयाने मुलींना एनडीएचं दार उघडलं, आणि मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून पहिल्या १७ जणी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. मी ते संचलन मोबाईलवर पाहिलं आणि ठरवलं. मला माणसांची जबाबदारी घ्यायला आवडते, एनसीसीच्या कॅम्पात ते कळलं. एवढं कारण चालेल का?

जुना गनर
पोरी, चालेल. पळायला आजपासून लाग, गुडघे सांभाळून.
घाटमाथा, रजेच्या अर्जाचा मुद्दा मला मान्य. तरी खुर्चीवरचा आक्षेप मी मागे घेत नाही. पुढच्या सरावात त्या मुलाला एवढंच विचारा: तुझ्या वडिलांच्या वयाचा सुभेदार तुझ्या हाताखाली आहे, नकाशा तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतो, आणि रात्रीची गस्त कुठून न्यायची यावर तुमचं पटत नाहीये. काय करशील? उत्तर इथे लिहा, मी वाट बघतो.