कॅन्सर, कॅल्शियम आणि इंडोमेथासिनचं भूत

औषधपेटी: काल दुसऱ्या धाग्यात 'जुनाजाणता' यांनी ठोकून दिलं: "कॅन्सरच्या गाठीमुळे रक्तातलं कॅल्शियम वाढतं ते प्रोस्टाग्लँडिनमुळे, म्हणजे शरीरातच बनणाऱ्या एका रसायनामुळे. ते बनणंच रोखणारी स्वस्तातली वेदनाशामक इंडोमेथासिन द्या, काम फत्ते. पण महागडी इंजेक्शनं खपवायची असतात ना!" डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा. अहो, १९७० मध्ये क्लाइन आणि रेझ यांनी दाखवलं की प्रोस्टाग्लँडिनमुळे प्रयोगशाळेत वाढवलेलं हाड झिजतं. मग संशोधक टॅशियन यांच्या उंदरांत गाठ ई२ (प्रोस्टाग्लँडिनचाच एक प्रकार) सोडायची आणि इंडोमेथासिनने कॅल्शियम उतरायचं. सगळे खूश! माणसांना दिली, तर बहुतेकांचं जागचं हललं नाही. १९८७ मध्ये पीटीएचआरपी (गाठीतून सुटणारं, हाडातून कॅल्शियम काढणारं प्रथिन) हाती लागलं आणि मुख्य चोर कळला.

जुनाजाणता: चोर सापडला म्हणून साथीदार निर्दोष? मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या एका रुग्णात इंडोमेथासिनने कॅल्शियम उतरल्याची नोंद १९७४ चीच आहे. आणि ई२ पेशीवरच्या ईपी४ या ग्राहीला चिकटून रँक-लिगंड हे हाड झिजवायला लावणारं प्रथिन वाढवतं, हे विसरलात? तुमचं डेनोसुमॅब इंजेक्शन त्याच लिगंडला अडवतं!

औषधपेटी: हाडात उतरलेल्या गाठीच्या शेजारी ई२चा हात असेल, मान्य. पण कॅल्शियम चढलेला रुग्ण अंगातलं पाणी कमी होऊन आधीच सुकलेला असतो, त्याच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनवर तगलेला. तेच बंद पाडणार? आधी सलाइन, मग हाडाची झीज रोखणारं झोलेड्रोनिक इंजेक्शन.

माईची_लेक: तुमचं ईपी-बीपी चालू द्या. आमच्या अण्णांना फुफ्फुसाचा होता. सारखं पाणी मागायचे, पोट साफ नाही, दिवसभर गुंगी. एके दिवशी मला 'आई' म्हणाले. सगळे म्हणत होते, वय झालं. कॅल्शियम निघालं १५.२, खूपच चढलेलं. आणि घरात काकू रोज नाचणीची आंबील आणि वर कॅल्शियमची गोळी देत होत्या, "हाडात उतरलंय, ताकद नको का?"

सडेतोड: या काकू घरोघरी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर शिकतात.

माईची_लेक: काकूंना नावं ठेवू नका. रात्री जागायला त्याच होत्या. गोळी बंद करा, असं एकाही डॉक्टरने सांगितलं नव्हतं.

सडेतोड: जागल्या म्हणून गोळी बरोबर ठरते का? आंबीलसुद्धा बंद करायला हवी होती.

औषधपेटी: गोळी बंदच हवी. पण आंबिलीवर एवढं तुटून पडू नका. पीटीएचआरपीवाल्या रुग्णात बहुतेक कॅल्शियम हाडातून येतं, आतड्यातून शोषण उलट कमीच असतं. लिंफोमात (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरात) गाठ स्वतः कॅल्सिट्रिऑल, म्हणजे आतड्यातून कॅल्शियम शोषायला लावणारं सक्रिय ड जीवनसत्त्व, बनवते तेव्हा मात्र दुधा-नाचणीचा हिशेब ठेवावा लागतो. तिथे स्टेरॉइड चालतं.

सडेतोड: म्हणजे काकू निर्दोष. वा. आता सत्कार करू.

माईची_लेक: करा. नारळ मी आणते.

रिपोर्टवाचक: अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवणारं प्रथिन, कोणी बघितलं का? ते कमी असलं की रिपोर्टात कॅल्शियम कमी दिसतं; म्हणून अल्ब्युमिन ४ च्या खाली जितकं, तितक्या पटीत ०.८ कॅल्शियमच्या आकड्यात मिळवायचं असतं. माझ्या बहिणीला कॅल्शियम १०.२ 'नॉर्मल' म्हणून परत पाठवलं. अल्ब्युमिन होतं २. मोजा.

जुनाजाणता: ११.८. छान. बरं, इंडोमेथासिन सरसकट नको, हे घेतलं मागे. कंपन्यांबद्दलचं नाही.

औषधपेटी: झोलेड्रोनिकचं पेटंट केव्हाच संपलं.

जुनाजाणता: तेही बघतो.

माईची_लेक: सलाइन आणि त्या इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी अण्णांनी मला नावाने हाक मारली. पुढे दोन महिने होते.