हॉर्नेट कपाटात ठेवायला दिलेली नाही काकांनी

सड्यावरचा (गुहागर)
परवा इथे एका पुणेकर सदस्यांनी लिहिलं की चाळीस वर्षांची आरसी (रिमोटवर पळणारी) बग्गी वाळूत पळवणं म्हणजे पैठणी नेसून लावणीला उतरणं. पुढे उपदेश: नवे पार्ट नकोत, ब्रशलेस (कार्बन ब्रशशिवाय चालणाऱ्या, जास्त ताकदीच्या) मोटरचं तर नावच नको, काचेच्या कपाटात ठेवा आणि सिलिकाची पुडी टाका. प्रतिसाद द्यायला गेलो, लांबला, म्हणून हा धागा.

माझे काका बोटीवर होते. १९८६ला सिंगापूरहून तामिया या जपानी कंपनीची हॉर्नेट नावाची आरसी बग्गी घेऊन आले. ती गुहागरच्या पुळणीवर इतकी पळली की कुत्रीसुद्धा तिच्यामागे धावायची थांबली. मग पंचवीसेक वर्षं पोटमाळ्यावर. खाली काढली तेव्हा वायरी उंदरांनी खाल्लेल्या, निकेल-कॅडमियमच्या सेलांवर हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखा थर. गिअरबॉक्स उघडला तर ग्रीसचा काकवीसारखा गोळा झालेला आणि त्यात आमच्याच पुळणीची वाळू. प्लास्टिकचे बुश (आस ज्यात फिरतो त्या कड्या) त्या वाळूने खाऊन अंडाकृती केलेले.

आता सांगा, यातलं काय 'जतन' करू? बुशांच्या जागी ११५० मापाचे रबर सीलवाले बेअरिंग घातले. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या मेकॅनिकल स्पीड कंट्रोलरचे पॉइंट जळले होते, तो काढून इलेक्ट्रॉनिक टाकला. २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ गेला, २.४ गिगाहर्ट्झचा आला. आणि हो, ब्रशलेस घातली. तामियाने स्वतः २००४ला हॉर्नेट पुन्हा बाजारात आणली, म्हणून तर आज पार्ट मिळतात. कंपनीला लाज वाटली नाही, मला का वाटावी?

पेठेतला जपणारा
'पुणेकर सदस्य' म्हणजे मीच, नाव घ्यायला हरकत नव्हती. मोटर नवी, रेडिओ नवा, बेअरिंग नवे. काकांचं उरलं काय? चासी आणि आठवण. मग २००४ची नवी पेटीच घ्यायची होती, तिला हवी तेवढी छळा.

शिवाय हॉर्नेटचा मागचा गिअरबॉक्स आणि दोन्ही चाकं मिळून एकच तुकडा वरखाली हलतो. पेटीतल्या मूळ ५४० मोटरवरच ती बेडकासारखी उडते, त्यात तुम्ही ब्रशलेस घातलीत. गिअरबॉक्सचं कवच फाटलं की या धाग्यावर फोटो टाका, मी फुलं वाहीन.

मी हवेत बोलत नाही. माझ्याकडे तामियाचीच १९७९ची सँड स्कॉर्चर बग्गी आहे. एकदा हौसेने अलिबागला नेली, एका लाटेने गाठली. तिचा रेडिओबॉक्स पाणी आत न येणारा, त्यामुळे रिसीव्हर वाचला. पण महिन्याभराने पाहतो तर पुढच्या धातूच्या आर्मवर पांढरी भुकटी. त्या दिवसापासून कपाट.

सड्यावरचा (गुहागर)
म्हणजे गाडी समुद्रात घातलीत, गोड्या पाण्याने न धुता पुण्याला नेलीत आणि दोष वाळूला! आमच्याकडे पोरं सायकलसुद्धा पुळणीवरून आणली की आधी विहिरीवर धुतात.

खारपड (रेवदंडा)
बेअरिंगचं एवढं कौतुक नको. माझे एका पावसाळ्यात गंजून गच्च झाले, आणि ते नुसते खोलीत होते! प्लास्टिकचा बुश झिजतो पण गंजत नाही, आणि स्वस्त असतो. दर मोसमात बदला.

दुसरं म्हणजे मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये महागडं सिलिकॉन ऑइल कशाला? मी घाण्याचं खोबरेल घालतो. सहा वर्षं झाली, तक्रार नाही.

हर्णैचा पोस्टमन
खोबरेल??? २४ अंशांखाली थिजतं ते. जानेवारीत सकाळी सातला दापोलीच्या मैदानावर या. माझ्या मेव्हण्याने तुमच्यासारखाच शहाणपणा केला होता. मागचे दोन्ही शॉक मेणबत्तीसारखे कडक, गाडी पहिल्याच उंचवट्यावर उताणी. नऊ वाजता ऊन आलं तेव्हा चालली.

खारपड (रेवदंडा)
आलं दापोलीचं मिनी महाबळेश्वर! चार दिवस थंडी पडते त्याचं तुम्ही वर्षभर भांडवल करता. रेवदंड्याला माझी बाटली थिजत नाही. आणि मेव्हण्याच्या अकलेचा दोष तेलाला देऊ नका.

हर्णैचा पोस्टमन
मेव्हण्यावर जायचं काम नाही. खोबरेल खवट होतं, हे तरी मान्य?

खारपड (रेवदंडा)
खवट होतं. मान्य. एकदा मुंग्याही लागल्या होत्या. पण शॉकला वास येतो म्हणून गाडी हळू जात नाही.

देवबागचो
गाडयो चलवतास काय चंपी करतास? नारळ सोलकढीक ठेवा रे. धाग्याचो विषय काय, बोलतास काय!

अंजर्ल्याची माहेरवाशीण
विषय निघालाच आहे तर, नोव्हेंबरपासून कासवांची घरटी असतात. कुंपण घातलेल्या जागेपासून लांब पळवा आणि अंधार पडल्यावर नकोच. ताज्या चाकोरीत पिल्लू अडकतं. खरा ताप थार घेऊन पुळणीवर येणाऱ्यांचा आहे, पण म्हणून तुमची खेळणी सुटत नाहीत.

सड्यावरचा (गुहागर)
ताई, मान्य. आम्ही उन्हं उतरायच्या आत परततो. सड्यावर पळवायचा उपाय करून पाहिला, पण जांभा म्हणजे किसणी. मागच्या टायरचे काटे दोन रविवारांत सपाट.

आणि जपणाऱ्यांसाठी एक कबुली, हसून घ्या. सुरुवातीला मी जुन्याच मेकॅनिकल कंट्रोलरवर लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी लावली होती. व्होल्टेज उतरलं की वीज तोडायची अक्कल त्याला नसते. गाडी मंद झाली तरी मी पळवत राहिलो, सेल ३ व्होल्टच्या खाली गेले. घरी येईपर्यंत बॅटरीचा घावन झाला होता. रात्रभर अंगणात, फणसापासून लांब, वाळूच्या बादलीत ठेवली. आई अजून विचारते, 'ती फुगलेली कुठाय?'

पेठेतला जपणारा
हसलो. निकेल-कॅडमियम असती तर ही वेळ आली नसती, एवढं नोंदवून ठेवतो.

सड्यावरचा (गुहागर)
नोंदवा. मीही एक नोंदवतो: गिअरबॉक्सच्या कवचाला स्क्रूजवळ केसाएवढी चीर आहे. ब्रशलेसमुळेच असेल असं नाही.

पेठेतला जपणारा
नाहीच मुळी! दमट हवेमुळे असेल. किंवा कुत्र्यांच्या नजरेमुळे.

असो. माझ्याकडे हॉर्नेटच्या मागच्या टायरची एक जोडी पडून आहे, पेटीतली, न वापरलेली. कपाटात जागा अडते आहे. पैसे नकोत. पण त्या जांभ्यावर घालणार असाल तर नाही देणार.

सड्यावरचा (गुहागर)
फक्त पुळणीवर, शब्द. कुरिअर गुहागरला नको, आठवडा लावतात. चिपळूणच्या मामाचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

खारपड (रेवदंडा)
टायरला थोडं खोबरेल चोळून पाठवा, रबर तडकत नाही.

हर्णैचा पोस्टमन
संपादक, याला आवरा.