पुन्हा विषय: चावा, तिसरा दिवस आणि पेटीतील ती पट्टी

सप्रेम नमस्कार,
शनिवारी मुलाच्या पोटरीला काहीतरी चावले. पहिले दोन दिवस नुसती खाज होती. आज तो खाजवत नाही, पण मोजाही लागू देत नाही. प्रथमोपचार पेटीत प्रतिजैविकाच्या सहा गोळ्या आहेत, असे मागे ऐकले होते. त्या देता येतील का, आणि पेटी सध्या कोणाकडे आहे?
– मुलाची आई

वहिनी,
पेटी नंतर शोधा, आधी पाय पाहा. चावल्यावर काही तासांत उठणारी सूज आणि खाज बहुधा हिस्टामिनमुळे (चाव्यावर शरीर स्वतःच सोडते त्या द्रव्यामुळे) असते. ती दोन दिवस वाढूही शकते आणि प्रतिजैविकाने तिच्यात काडीचाही फरक पडत नाही. मात्र खाज ओसरून ठणका वाढला, कातडी गरम व ताणलेली झाली, पू दिसला, ताप आला किंवा जांघेत अवधाण (सुजलेली, दुखरी गाठ) आले, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. सावळ्या कातडीवर लाली फसवते, म्हणून हाताच्या पाठीने दोन्ही पोटऱ्यांची ऊब ताडून पाहावी. कडेने बॉलपेनची रेघ ओढून शेजारी वेळ लिहा. सूज रेघेबाहेर गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा जीभ सुजली, तर थेट रुग्णवाहिका बोलवा.
– डॉक्टरकाका

पेटी चार वर्षे माझ्याकडेच आहे आणि तिच्यातील वस्तूंविषयी मला आधी विचारले असते, तर बरे झाले असते. ती गोळ्यांची पट्टी कोणाच्या तरी दातदुखीतून उरलेली, प्रौढाच्या मात्रेची होती. मी ती औषधांच्या दुकानात परत केली. पेटीत साबण, चिमटा, थंड पट्टी, सेटिरिझिन (खाजेवरचे ॲलर्जीचे औषध) आणि १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन आहे. हे मलम खाजेसाठी आहे, चिघळलेल्या जागेवर लावू नये.
– पेटीचा राखणदार

काकांच्या रेघेविषयी एवढेच, की माझ्या मनगटावरची रेघ आंघोळीत पुसली गेली आणि आठवणीने पुन्हा काढलेली बोटभर बाहेर पडली, त्यामुळे सूज आवरल्याचे समाधान एक दिवस फुकट मिळाले. रेघेचा फोटो काढून ठेवावा.
– खजिनदार

सकाळी दहाला रेघ काढली होती. दीड वाजता सूज पेरभर बाहेर आहे आणि अंगही कोमट लागते. चार वाजताची वेळ मिळाली आहे. पेटी आणू नये.
– मुलाची आई